‘भाषण’ म्हटलं आणि आजी खाली बसल्या

तासगावची

मी गेली अकरा वर्षं तासगाव-पलूस भागात कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करते. स्नेहसंमेलनं, निरोप समारंभ, बचत गटांचे मेळावे. ‘भाषण’ हा शब्द रोज तोंडात असतो, पण त्याच्याकडे कधी थांबून बघितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात एका मेळाव्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींचा सत्कार होता. जन्मभर हळद पिकवलेली बाई. शाल-श्रीफळ झालं आणि मी माईकवर म्हटलं, ‘यानंतर सत्कारमूर्ती आपलं भाषण करतील.’ आजींनी हात जोडले. ‘मला न्हाई बाई भाषण येत,’ म्हणाल्या आणि पदर सावरत पायऱ्या उतरून गेल्या.

पुढं पंगतीत त्या माझ्याच शेजारी आल्या. हळद शिजली हे कसं ओळखता, एवढंच मी विचारलं. ‘काहिलीतनं एक हळकुंड काढायचं, काडी टोचायची. आरपार गेली की जाळ वढायचा. जास्त शिजली की रंग बिघडतुया.’ तिथून हरिपूरची पेवं निघाली. जमिनीच्या पोटात हळद कशी ठेवायचे, पेव उघडल्यावर लगेच आत का उतरायचं नाही, २००५ च्या महापुरात काय झालं. आमटी निवून गेली. समोरच्या पंगतीतल्या बायका घास हातात धरून ऐकत होत्या.

हे सगळं स्टेजवर यायला हवं होतं. माझ्या एका शब्दापायी राहिलं, आणि ते मनाला लागून राहिलंय. पुढच्या महिन्यात त्याच गावात पुन्हा कार्यक्रम आहे, आजी येणार आहेत. पत्रिका शुक्रवारी छापायला द्यायची आहे. भाषण, व्याख्यान, मनोगत, मार्गदर्शन, अभिभाषण, यातलं कुणासाठी काय लिहावं? आणि ‘भाषण देणे’ चूक का?

निवृत्त मास्तर, वाई

ताई, शब्दाचा दोष नाही. ‘भाष्’ म्हणजे बोलणे, त्याला ‘अन’ लागून भाषण. मूळ अर्थ नुसतं बोलणं. आम्ही वर्गात भाषेची चार कौशल्यं शिकवायचो: श्रवण, भाषण, वाचन, लेखन. तिथल्या ‘भाषणा’त पहिलीतलं पोर ‘बाई, पाणी प्यायला जाऊ?’ म्हणतं तेसुद्धा येतं. संविधानाच्या अनुच्छेद १९ मधलं भाषणस्वातंत्र्यही माईकपुढच्या माणसापुरतं नाही. स्टेज, हार आणि टाळ्या या शब्दाला नंतर चिकटल्या. तुमच्या आजींनी शब्द ऐकला नाही, स्टेज ऐकलं.

व्याख्यान वेगळं. ‘वि-आ-ख्या’, म्हणजे उलगडून सांगणे. त्याला विषय लागतो आणि त्या विषयाची तयारी लागते. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केली, तिला कुणी भाषणमाला म्हणत नाही ते यामुळंच.

‘अभिभाषण’ मात्र गावच्या पत्रिकेवर छापू नका. विधिमंडळाच्या वर्षातल्या पहिल्या अधिवेशनाच्या आरंभी राज्यपाल करतात ते अभिभाषण, अनुच्छेद १७६ प्रमाणे. त्यातला मजकूर सरकारचा असतो, राज्यपाल तो वाचतात.

राहिलं ‘देणे’. माझ्या कानाला भाषण ‘करतात’ आणि व्याख्यान ‘देतात’ हेच बरोबर वाटतं. ‘भाषण दिलं’ आता सर्रास ऐकू येतं, त्यावर मी लाल शाई चालवणार नाही, पण स्वतः लिहिणारही नाही.

मिरजेतला

आमच्या घरात कीर्तन आहे, म्हणून थोडी भर. प्रवचन बसून, कीर्तन उभं राहून. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात अभंगाचं निरूपण आणि उत्तररंगात आख्यान. आख्यानातला ‘ख्या’ आणि सरांनी सांगितलेला व्याख्यानातला ‘ख्या’ एकच. आजोबा उत्तररंगाला उभे राहिले की मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यासुद्धा पुढं सरकायच्या, कारण आता गोष्ट येणार हे त्यांना ठाऊक असायचं. ताई, आजींनी पंगतीत सांगितलं ते आख्यान होतं. ते त्यांना येतंच आहे.

कराडहून

माझं थोडं वेगळं मत आहे. भाषण हा शब्द टाकू नका. १९७५ मध्ये आमच्या कराडला साहित्य संमेलन झालं, दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, आणीबाणी चालू होती. संमेलनाध्यक्षांच्या बोलण्याला तेव्हाही अध्यक्षीय भाषणच म्हणत आणि आजही तेच म्हणतात. एवढा भार पेलणारा शब्द आहे.

मला खटकतं ते ‘मार्गदर्शन’. पाहुणे अजून गाडीतून उतरलेले नसतात आणि आपण आधीच छापून मोकळे होतो की ते वाट दाखवणार. ‘मनोगत’ शब्द सुंदर आहे, मनात असलेलं. पण तो सत्कार झालेल्या किंवा निरोप घेणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावा. हल्ली एकाच पत्रिकेवर चार-चार मनोगतं असतात.

तासगावची

सर, दादा, सगळ्यांचे मनापासून आभार. पत्रिकेचा मसुदा काल रात्री पुन्हा बसून केला. प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, मनोगत, अध्यक्षीय भाषण, आभार. ‘मार्गदर्शन’ काढलं. आयोजकांना थोडं जड गेलं, पण ऐकलं त्यांनी.

‘मनोगत’ पत्रिकेपुरतं. माईकवर मी तोही शब्द घेणार नाही. आजींना स्टेजवर बोलवणारच नाही, त्या बसतील तिथं कॉर्डलेस माईक घेऊन जाईन, शेजारी बसेन आणि विचारेन, ‘आजी, काडी आरपार गेली न्हाई तर काय करायचं?’

मंडपवाल्याला आजच फोन केलाय, माईकच्या बॅटऱ्या नव्या घाल म्हणून.