कार्यक्रमपत्रक बघून 'केंद्र बंद करा' म्हणणाऱ्यांना

मिरजवाली

काल इथे विद्यापीठाच्या अर्थशास्त्र संशोधन केंद्राचं येत्या काही महिन्यांचं कार्यक्रमपत्रक कुणीतरी टाकलं. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने कर्ज देते तो) आणि महागाईवर पाहुण्या प्राध्यापकांचं व्याख्यान, पीएचडीच्या विद्यार्थ्यांचं चर्चासत्र, आकडेवारी हाताळण्याची दोन दिवसांची कार्यशाळा, आणि खाली केंद्रातल्या एका संशोधिकेचा निबंध परदेशी नियतकालिकाने स्वीकारल्याची बातमी. त्यावर 'येरळाकाठ' यांनी लिहिलं, "ही एकमेकांना ऐकवायची भाषणं आहेत. केंद्र बंद करा आणि तो पैसा टेंभू उपसा सिंचन योजनेच्या वीजबिलात भरा." त्याला भराभर अंगठे पडले, म्हणून सविस्तर लिहिते.

टेंभू, ताकारी, म्हैसाळच्या वीजबिलात ८१ टक्के शासनाचा आणि १९ टक्के शेतकऱ्याचा वाटा. हे प्रमाण बरोबर की चूक? पाणी पोचल्यावर द्राक्षवाल्याचं उत्पन्न किती वाढलं, ज्वारीवाल्याचं किती, आणि दोघांनी सारखाच वाटा का द्यावा? हे प्रश्न कोण सोडवणार? पाटबंधारे खातं पाणी मोजतं, वीज कंपनी युनिटं मोजते. माणसाचं काय झालं हे मोजायला अर्थशास्त्रीच लागतो.

आणि आपल्या भागाने तर असल्या कामाला स्वतःच्या खिशातून पैसे दिलेत. पुण्याची गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली उभी राहिली ती साताऱ्याच्या रावबहादूर काळ्यांच्या देणगीवर. तिचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. संस्थेने वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाचा अभ्यास केला, तो १९४० मध्ये छापून निघाला. पुढे हेच गाडगीळ प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले. शेतकऱ्याच्या वह्या तपासणारा माणूस शेतकऱ्यांच्या कारखान्याच्या खुर्चीत बसला. आज सांगली-साताऱ्यात गावोगाव ज्यांच्या घरात उसाचं बिल येतं त्यांनी 'केंद्र बंद करा' म्हणावं याचं मला वाईट वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: केंद्र चालू राहू द्या, आणि त्यांनी आपल्याकडून नेलेली माहिती आपल्याकडे परत आणावी यासाठी भांडा.

येरळाकाठ

ताई, तुम्ही १९४० सांगता, मी माझ्या घरचं सांगतो. आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. ऐन बेदाण्याच्या दिवसांत एका विद्यापीठाची दोन पोरं प्रश्नावली घेऊन आली. आईने चहा केला, बसवून घेतलं. सोसायटीचं कर्ज किती, सावकाराचं किती, शेडवरचा बेदाणा कुठल्या भावाने गेला, पाडव्याआधी विकायची वेळ का आली, सगळं विचारलं. शेवटी 'घरातलं सोनं गहाण आहे का' असं विचारल्यावर आईने खरं सांगितलं, मंगळसूत्र ठेवलंय. मला माहीत नव्हतं. परक्या पोरांसमोर मला कळलं.

पोरं गेली. पुन्हा ना फोन, ना कागद. त्या उत्तराचं काय झालं? आमच्या आईच्या मंगळसूत्रावर कुणाला पदवी मिळाली असेल तर मिळो, पण तिला एक ओळ तरी कळवायची होती. तुमच्या पत्रकात परदेशी नियतकालिकाची बातमी आहे. तासगावची बातमी कुठे आहे?

शोधछात्र

येरळाकाठ, तुमच्या आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण दोष त्या पोरांवर टाकू नका. मी स्वतः असाच दारोदार फिरलोय. पाठ्यवृत्ती वेळेवर येत नाही, पेट्रोल खिशातलं, जतच्या पूर्व भागात एसटी चुकली की रात्र देवळात. गावाचं आणि माणसाचं नाव निबंधात येऊ द्यायचं नाही हा नियम आहे, आणि तो तुमच्याच भल्यासाठी. उद्या त्या सावकाराने वाचलं तर? नोकरीसाठी मोजतात ते छापील निबंध. गावात जाऊन निष्कर्ष सांगितले तर कुणी त्याचे गुण देत नाही. तरी कार्यशाळेला नावं ठेवू नका, तिथे शिकलो नसतो तर जमवलेली माहिती कपाटात पडली असती.

येरळाकाठ

नियम कुणाच्या भल्याचा ते आम्हाला विचारून ठरवा की. गुण मिळत नाहीत म्हणून परत यायचं नाही, हे उत्तर तुम्ही माझ्या आईसमोर बसून द्या.

फडकरी

रेपो दर राहू दे बाजूला. केंद्राला खरंच काम करायचं असंल तर उसाचा उतारा, म्हणजे शंभर किलो उसातनं किती किलो साखर निघाली, ते तपासा. २०२५-२६ हंगामाची एफआरपी, म्हणजे दिल्लीच्या सरकारनं ठरवलेला उसाचा किमान भाव, सव्वादहा टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होती. वर प्रत्येक दशांशाला ३ रुपये ४६ पैसे. म्हणजे बारा टक्के उतारा निघाला तर टनाला ४,१५० च्या वर जातंय, त्यातनं तोडणी-वाहतूक वजा. आमच्या शेजारच्या गावचा ऊस दोन कारखान्यांना जातो, जमीन एक, पाणी एक, बेणं एक, आणि उतारा निराळा. कसा? पायाचा उतारा आधी साडेनऊ होता, मग २०१८ ला दहा केला, मग सव्वादहा. तेवढी वाढ आमच्या वाटची गेली. यावर चर्चासत्र घ्या, आम्ही ट्रॅक्टरनं येतो.

लॅबवाला

फडकरी, मी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढलंय. दोन कारखान्यांचा उतारा सारखा येतच नाही. तोडल्यापासून गाळपापर्यंत किती तास गेले, पाचट किती आलं, मिलची क्षमता काय, सगळ्यांनी फरक पडतो. शिवाय बी-हेवी मळीतून, म्हणजे साखर पुरती न काढलेल्या मळीतून, इथेनॉल काढला की पोत्यातली साखर कमी दिसते. ती घट उताऱ्यात मिळवूनच एफआरपी काढायची असते. आणि कारखान्याची बाजूही मोजा. २०१८-१९ ला एफआरपी २७५ होती, २०२५-२६ ला ३५५. साखरेचा किमान विक्री दर २०१९ मध्ये किलोला ३१ केला आणि त्यानंतर हंगामामागून हंगाम तोच राहिला. पैसा आणायचा कुठून?

फडकरी

'मिळवायची असते' आणि 'मिळवली' यात फरक हाय. ती मिळवताना शेतकऱ्याचा माणूस तिथं असतो का? १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात चौदा दिवसांत पैसे द्यायचे लिहिलंय, उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. किती जणांना व्याज मिळालं ते सांगा. २०२२ ला राज्य सरकारनं एफआरपी दोन हप्त्यांत द्यायचा निर्णय काढला, तो मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रद्द केला. तवर आमची सोसायटी थकली, त्याचं व्याज आम्ही भरलं. तुमची प्रयोगशाळा आमच्या घरचं व्याज मोजत नाही.

लॅबवाला

माझ्या प्रामाणिकपणावर बोलू नका. मी कधी आकडा बदलला नाही.

फडकरी

तुमच्यावर कोण बोललं? वजनकाट्यावर बोलतोय. आणि तोडणीच्या टोळीला खुशाली, म्हणजे वरचे पैसे, दिल्याशिवाय ऊस तुटत नाही त्यावरही बोलतोय. गेल्या हंगामात माझा फड तुऱ्यावर आला तरी टोळी येईना. मुकादम म्हणाला, एकराला अमुक द्या. ड्रायव्हरची एन्ट्री वेगळी. हे पैसे कुठल्या एफआरपीत धरलेत? उत्पादन खर्च काढणारे दिल्लीत बसून हे धरतात का?

लॅबवाला

खुशालीचं मान्य. तो खर्च कुठल्याच कागदावर येत नाही, आणि यायला हवा. पण टोळीचीही बाजू आहे. बीडहून बायकापोरं घेऊन आलेली माणसं पालात राहतात, मुकादमाची उचल फेडण्यात त्यांचा हंगाम संपतो. त्यांच्या मजुरीचा हिशेब कोण करतं?

फडकरी

ते बी बरोबर हाय. पण माझ्याच खिशातनं का?

विट्याची सून

सगळे उसात शिरलात. 'रेपो दर बाजूला ठेवा' म्हणालात म्हणून मला बोलावं लागतंय. आमच्या सासरी गलाईचा, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा, धंदा. दीर कोइमतूरला, चुलत सासरे आणखी खाली केरळात. खानापूर-आटपाडीतली निम्मी घरं अशीच बाहेर आहेत. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात सोन्याचं आयात शुल्क पंधरावरून सहा टक्क्यांवर आणलं, त्या दिवशी भाव धाडकन उतरला. दिरांकडे जुन्या भावाने घेतलेलं सोनं पडून होतं. रात्री फोनवर ते बोलेनात, जाऊबाई बोलत होत्या. व्याजदर, डॉलर, शुल्क यांचा सोन्याशी संबंध काय, हे आम्हाला कुणी नीट शिकवलेलं नाही. आम्ही दुसऱ्या दुकानदाराच्या अंदाजावर चालतो. येरळाकाठदादा, तुमच्या आईंचं मंगळसूत्र ज्या भावाने गहाण पडलं तो भावही तिथूनच ठरतो. ते व्याख्यान मला ऐकायचंय. पण बुधवारी सकाळी अकरा वाजता, इंग्रजीत, विट्याहून मी कशी जाऊ?

वाईकर

एक आठवण करून देतो. ज्या काळ्यांच्या देणगीचा वर उल्लेख आहे, त्यांच्याच स्मृती व्याख्यानमालेत २९ जानेवारी १९३९ ला डॉ. आंबेडकर संघराज्याच्या योजनेवर बोलले होते. तेही इंग्रजीतच. व्याख्यान कुठल्या भाषेत झालं यावरून ते फुकट ठरत नाही. तज्ज्ञांनी तज्ज्ञांशी बोलायची जागा लागतेच. सगळंच गावच्या पारावर आणलं तर खोल काम कोण करणार?

येरळाकाठ

ते भाषण छापलं गेलं, लोकांपर्यंत पोचलं, म्हणून तुम्हाला आज तारीख पाठ आहे. मी नेमकं तेच मागतोय.

मिरजवाली

वाईकर, खोल काम बंद करा असं मी म्हणतच नाहीये. येरळाकाठ, 'केंद्र बंद करा' हे वाक्य तुम्ही अजून मागे घेतलेलं नाही, हे माझ्या लक्षात आहे.

मी केंद्राच्या संचालकांना पत्र लिहितेय. ज्या गावातून माहिती घेतली त्या गावच्या ग्रामपंचायतीत मराठीत चार पानं लावावीत, नावं न देता. रेपो दराच्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण आणि मराठी सारांश द्यावा. वर्षातली एक सभा विट्यात किंवा तासगावात, रविवारी घ्यावी. आणि उतारा, इथेनॉलची घट आणि खुशाली यांवर एका विद्यार्थ्याला विषय द्यावा. लॅबवाले, तुम्ही त्याला उताऱ्याचा हिशेब समजावून द्याल का? फडकरी, तुम्ही गेल्या काही हंगामांच्या पावत्या द्याल का?

लॅबवाला

कारखान्याचे कागद बाहेर देता येणार नाहीत. हिशेबाची रीत शिकवेन. पोरगं मन लावून बसणारं हवं.

फडकरी

पावत्या देतो. झेरॉक्स. मूळ नाही.

शोधछात्र

माझा विषय दुसरा आहे, पण ग्रामपंचायतीसाठीची चार पानं माझ्या जतच्या गावांसाठी मी लिहून बघतो. गुण मिळोत न मिळोत.

येरळाकाठ

लिहा आणि इथे टाका, मग बघू. वाक्य मागे घेत नाही, थांबवून ठेवतो. पत्रावर माझं नाव घाला. सभा तासगावात घेणार असाल तर फळछाटणीत ठेवू नका आणि बेदाण्याच्या सौद्याच्या दिवशीही नको, कुणी येणार नाही. आणि आलेल्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या, पाहुण्यांचा सत्कार मागाहून करा.

फडकरी

काट्याचं पत्रात लिहिलं नाही ताई. ते राहिलं.