कबारेट बघायला जर्मन किती यायला हवं?

प्रश्न:
बर्लिनला येऊन सात महिने झाले, जर्मनची बी१ (मध्यम पातळीची) परीक्षाही दिली. फ्रीडरिशस्ट्रासं स्टेशनाजवळ 'डिस्टेल' या कबारेटचं थिएटर रोज दिसतं. सहकारी म्हणतो, सगळं राजकारणावर असतं, तुला कळणार नाही. मला मनापासून जायचंय. जाऊ, की वर्षभर थांबू? आणि हे आपलं कॅबरेच ना?

उत्तर १:
नाही. इथे शेवटचा 'ट' उच्चारतात आणि नाचगाण्याच्या कॅबरेपासून ते वेगळं मानतात. प्रहसनं, गाणी, स्वगतं, आणि नेम सत्तेवर. कबारेट मंडळ्यांची नावंच बघा: डिस्टेल म्हणजे काटेरी रोप, श्टाखेलश्वाइनं म्हणजे साळिंदरं, फेफरम्यूलं म्हणजे मिरे दळायची चक्की.

उत्तर २:
थांबू नका, जा. मी लायपझिगला नऊ वर्षं राहिले. पहिल्या प्रयोगाला निम्मं डोक्यावरून गेलं. शेजारी एक आजी होत्या. मध्यंतरात म्हणाल्या, "शब्द राहू दे, तो कुठे थांबतो ते बघ."

ते थांबणं फार जुनं आहे. कबारेट कलाकार वेर्नर फिंक 1929 पासून बर्लिनच्या 'काटाकोंबं' या थिएटरात वाक्यं अर्धीच सोडायचा, उरलेलं लोक मनात पुरं करायचे. टिपणं घेणाऱ्या गुप्त पोलिसाला त्याने रंगमंचावरूनच विचारलं होतं, की मी फार भरभर बोलतोय का, तुम्ही येताय ना बरोबर, की मीच यायला हवं तुमच्याबरोबर? (जर्मनमध्ये 'बरोबर येणं' म्हणजे बोलणं समजणंही.) 1935 मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने थिएटर बंद केलं आणि फिंकला एस्टरवेगनच्या छळछावणीत नेलं.

पूर्व जर्मनीत तर संहिता आधी मंजूर करून घ्यावी लागे. डिस्टेल 1953 मध्ये पूर्व बर्लिनच्या प्रशासनानेच काढलं, आणि 1988 मध्ये त्याच्याच एका कार्यक्रमावर बंदी आली. लायपझिगच्या 'राट डेर श्प्योटर' या विद्यार्थ्यांच्या गटाला 1961 मध्ये अटक झाली, कित्येक महिने कोठडीत काढावे लागले. मंजूर कागदावर विराम दिसत नाही. म्हणून नटांनी सगळं त्यात भरलं. आजींनी तीस वर्षं तेच ऐकलं होतं.

भाषेपेक्षा माणसांची नावं जास्त अडतात. आधी आठवडाभर टीव्हीवर रात्री आठच्या बातम्या, 'टागेसशाऊ', बघा, कोणतं खातं कुणाकडे ते ध्यानात राहील. पुढच्या रांगेत बसा, चेहरे दिसायला हवेत.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. पुढच्या शुक्रवारचं तिकीट काढलं, दुसरी रांग. सहकाऱ्यालाही विचारलं, तो येतोय. बातम्या आजपासून.