लॉगिन चुकल्यावर साइटनं किती बोलावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. कोथरूडमधल्या एका छोट्या वाचनालयाची वर्डप्रेस (साइट बनवायचं सॉफ्टवेअर) साइट मी हौसेनं सांभाळतो. सभासद चारशेच्या आसपास, निम्मे साठीपुढचे.

परवा लॉगिनच्या नोंदी चाळल्या. रात्री दोन-अडीचला कुणीतरी अ‍ॅडमिन, एडिटर, लायब्ररी अशी नावं ओळीनं टाकून पाहिली होती. त्यातलं एक खरं निघाल्यावर बाकीची सोडून त्यावरच पासवर्डचा मारा! नाव खोटं असलं की साइट म्हणते 'हे नाव इथे नोंदलेलं नाही' आणि खरं असलं की 'या नावाचा पासवर्ड चुकीचा आहे'. वॉचमननं अनोळखी माणसाला 'काका ना? तिसरा मजला, पण गावाला गेलेत' म्हणून सांगावं, तसं झालं हे.

मग लॉगिन_एरर्स फिल्टर (लॉगिन चुकल्यावरचा संदेश बदलायची वर्डप्रेसमधली सोय) लावून दोन्हीकडे 'नाव किंवा पासवर्ड चुकला' केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच तीन फोन. "अहो, नक्की चुकलंय काय ते तरी सांगा!" एक आजोबा नावाच्या जागी मोबाइल नंबर टाकत होते.

मजकूर कसा लिहू? आणि नावं अजून कुठून फुटतात?

प्रतिसाद १
'पासवर्ड विसरलात?' पाहिलंत का? तेही खऱ्या-खोट्या नावाला वेगळं उत्तर देतं. दोन्हीकडे 'खातं असेल तर ईमेल पाठवली आहे' एवढंच ठेवा. शिवाय २०१६ च्या ४.७ आवृत्तीपासून रेस्ट एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना साइटची माहिती देणारी वाट) लेख लिहिणाऱ्यांची यादी लॉगिन न करताच देतं. आजोबांसाठी सूचना चौकटीखाली कायमची लिहा: 'नाव म्हणजे कार्डावरचा क्रमांक, मोबाइल नंबर नव्हे'. चूक होवो न होवो, दिसू दे.

प्रतिसाद २
संदेश सारखा केलात तरी वेळ चहाडी करतो. नाव खोटं असेल तर वर्डप्रेस पासवर्ड तपासतच नाही, उत्तर पटकन येतं. मुळात वर्डप्रेसवाले नाव गुपित मानतच नाहीत. चुकीच्या प्रयत्नांवर मर्यादा घाला, अ‍ॅडमिनला ओटीपी लावा. आणि कार्ड क्रमांक ओळीनं आहेत का हो?

धागाकर्ता
अरे देवा. १ पासून ओळीनंच आहेत. म्हणजे सभासदांची नावं लपवण्यात अर्थच नव्हता! मर्यादा आजच घालतो. पण ती आयपीवर (प्रयत्न ज्या इंटरनेट पत्त्यावरून येतो त्यावर) घालू की खात्यावर? खात्यावर घातली तर कुणीही मुद्दाम चुकीचे पासवर्ड टाकून आजोबांना बाहेर ठेवेल, आणि फोन पुन्हा मलाच.