वेलस्लीची मुत्सद्देगिरी व्हिएन्नाच्या आधीची

वेलिंग्टनचा ड्यूक, म्हणजे ब्रिटिश सेनानी आर्थर वेलस्ली, निव्वळ लढवय्या, वाटाघाटी त्याच्या गळ्यात पडल्या त्या थेट व्हिएन्नाला (नेपोलियननंतरच्या युरोपची मांडणी ठरवणाऱ्या परिषदेत), असं म्हणतात. पटत नाही. १८०३ मध्ये तो साधा मेजर जनरल असतानाच ईस्ट इंडिया कंपनीच्या गव्हर्नर जनरलने (थोरला भाऊच तो!) त्याला दख्खनेत लढाईसोबत तहाचेही अधिकार दिले होते. नागपूरच्या भोसल्यांशी देवगावचा तह १७ डिसेंबरला, शिंद्यांशी सुर्जी-अंजनगावचा ३० डिसेंबरला. दोन्ही त्यानेच केले. आणि मागितलं काय ते बघा: भोसल्यांकडून बालासोर बंदरासह कटक, म्हणजे कंपनीचे बंगाल आणि मद्रास किनाऱ्याने जोडले गेले. शिंद्यांकडून अहमदनगर, भडोच, दुआब (गंगा-यमुनेमधला प्रदेश) घेतले, पण जिंकलेले अशीरगड आणि बऱ्हाणपूर परत केले.

व्हिएन्नाला तर तो ब्रिटिश परराष्ट्रमंत्री कॅसलरेच्या जागी फेब्रुवारी १८१५ मध्ये पोचला. पोलंड-सॅक्सनी कुणाला मिळणार हा मुख्य तिढा तोवर सुटत आला होता.