आजोबांच्या ठासणीच्या बंदुकीची वीतभर प्रतिकृती मिळाली, पुढे काय घेऊ?

वणाकाठचा
मी हिंगणघाटजवळच्या खेड्यातला. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. रानडुकरं तुरीत शिरली की रात्री हवेत एक बार काढायचे, बस्स. ते गेल्यावर बाबांनी बंदूक ठाण्यात जमा केली. परवाना नावावर करून घ्यायच्या भानगडीत कोणी पडलं नाही.

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी पोराच्या लाकडी नंदीचं चाक निखळलं. तालुक्याला एक रिटायर टर्नर काका आहेत, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये त्यांचा जुना लेथ आहे. त्यांनी चाकात पितळी बुश बसवून दिलं आणि पैसे घेतले नाहीत. तेवढ्यात तेलाच्या डब्यामागे मला ती दिसली. वीतभर लांब, दस्ता, गज, घोडा, सगळं जागच्या जागी. घोडा ओढून चाप दाबला की बारीक ‘टिक’. अगदी आमच्या आजोबांचीच. हट्टानं पैसे देऊन घेऊन आलो.

आता चटक लागली. काकांकडे एक तोड्याची (पेटत्या वातीनं बार काढायची जुनी बंदूक) अर्धवट पडली आहे, रिव्हॉल्व्हरही करतो म्हणतात. एकीचे नऊ हजार सांगितले, आणि वर म्हणाले, “म्हणशील तर चालती करून देतो.”

काय घ्यावं? भाव बरोबर आहे का? घरी ठेवायची कशी? चालती घ्यावी का?

दर्यापूरचा भाऊ
चालती काऊन पायजे बावा तुले? उंदीर मारतं का? टिक वाजते ना, झालं.

काळा कोट
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्यांत फार तर पैसे जातील.

शस्त्र अधिनियम १९५९ मधल्या अग्निशस्त्राच्या व्याख्येत आकार कुठेच नाही. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कसल्याही ऊर्जेच्या जोरावर काहीतरी फेकण्यासाठी बनवलेली वस्तू म्हणजे अग्निशस्त्र. ती वीतभर आहे की बोटभर, हे कायदा विचारत नाही. बनवायलाच कलम ५ खाली परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याला किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. काका हौसेनं बोलले असतील, पण ती हौस त्यांना म्हातारपणी कुठे नेईल ते त्यांना सांगा.

त्याच कायद्यातल्या ‘शस्त्रा’च्या व्याख्येत एक सूटही आहे. जी वस्तू खेळण्याशिवाय दुसऱ्या कामाची नाही *आणि* जिचं चालतं शस्त्रही करता येत नाही, ती शस्त्रात मोडत नाही. ‘आणि’च्या पुढचं नीट वाचा. नकली बंदुकीची खरी करण्यालाही कलम ६ मध्ये परवाना सांगितला आहे. म्हणून नळी भरीव गजाची हवी. आरपार भोक पाडून मग बुजवलेली नको, ते बुजवलेलं उद्या कोणीही उकरू शकतो. तोंडाशी दिसण्यापुरती खोलगट चालेल. कानाही (बत्ती द्यायचं बारीक भोक) वरवरचा, आत न गेलेला.

घेताना साध्या कागदावर पावती लिहून घ्या: ‘शोभेची प्रतिकृती, नळी भरीव’, तारीख, सही. शंका असेल तर वस्तू घरीच ठेवून नुसते फोटो आणि पावती घेऊन ठाण्यात विचारून या.

रेंज नाही
माफ करा, पण जी उडत नाही ती मिनिएचर कसली? स्वित्झर्लंडची ती मिनीगन बघा, बोटभर रिव्हॉल्व्हरच. साडेपाच सेंटिमीटर लांब, वजन २० ग्रॅमच्या आत, २.३४ मिलिमीटरची गोळी खरोखर झाडते. त्याआधी १९१४ ची कोलिब्री पिस्तूल, फ्रान्झ फानल नावाच्या ऑस्ट्रियन घड्याळजीनं केलेली, २.७ मिलिमीटरची. कारागिरी तिला म्हणतात.

काळा कोट
कारागिरीबद्दल वादच नाही. पण तो स्विस रिव्हॉल्व्हर अमेरिकेतसुद्धा आकार लहान म्हणून आयातीला अडला. हिंगणघाटात कोण सोडवणार?

खराद मास्तर
माझी उभी नोकरी टूलरूममध्ये गेली, म्हणून थोडं लांबवतो.

उडते की नाही यावर कारागीर ठरत नसतो. कोलिब्रीच्या नळीत गोळीला फिरकी देणारे आटेसुद्धा नव्हते, एवढ्या बारीक भोकात ते कापणं त्या काळी जमलं नाही. कारागीर बघायचा तर पहिल्यांदा स्क्रूचं डोकं बघा. खाच मधोमध आहे का, कडा पिचकल्यात का. मूळ बंदुकीत सहा मिलिमीटरचा स्क्रू असेल तर एकास सहा मापात तो एक मिलिमीटरचा होतो. बारीक स्क्रूंच्या जुन्या ब्रिटिश ‘बीए’ आट्यांत दहा नंबर म्हणजे १.७ मिलिमीटर, त्याच्याही खाली उतरावं लागतं. पुष्कळ जण इथेच शॉर्टकट मारतात: टाचणी ठोकतात आणि डोक्यावर करवतीनं रेघ ओढतात. काकांना विचारा, “हा उघडतो का?” उघडत असेल तर नऊ हजार स्वस्त आहेत.

दुसरं लाकूड. सागाचा दस्ता मोठ्या बंदुकीत छान दिसतो, वीतभरात त्याची छिद्रं नांगरटीसारखी दिसतात. शिसवीचंही तेच. आपल्याकडच्या जंगलातला हळदू घ्या, पूर्वी त्याच्या फण्या आणि बॉबिनी करत. रेषा इतकी बारीक की लहान मापात शोभते. रंग पिवळा असतो, तो पॉलिशमध्ये गडद करता येतो.

तिसरं स्प्रिंग. बाकी सगळं सहापट लहान करता येतं, स्प्रिंग नाही. पट्टी कानशीनं घासून, तापवून पाणी देऊन, परत घासून जुळवावी लागते. तुमची ‘टिक’ वाजते ना, तिथे काकांचे दोन-तीन दिवस गेले असतील. भाव लांबीवर करू नका, तास विचारा. सत्तर तास सांगितले तर तासाला सव्वाशे-दीडशे पडले. आमच्याकडे मोटार वाइंडिंगवालासुद्धा एवढ्यात येत नाही.

रिव्हॉल्व्हर नको. एक तर खेळण्यातलाच वाटतो, दुसरं म्हणजे तुमच्या घराशी त्याचा काय संबंध? तोड्याची पुरी करून घ्या. मग गाड्यावरची तोफ, भरीव पितळेची. नागपूरला गेलात तर अजब बंगल्यातलं (तिथलं जुनं संग्रहालय) शस्त्रांचं दालन काकांना दाखवा. माणूस मापं डोळ्यांनी उचलतो.

मोगरा, यवतमाळ
ठेवण्याबद्दल मी सांगते. बाबांच्या पश्चात त्यांच्या पितळी-लोखंडी वस्तू माझ्याकडे आल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मी निम्म्यांना गंज चढवला. कपाट कूलरच्या खोलीत होतं! बाहेर ४५ डिग्री, आत खसाची ओल. जिथे कूलर लागतो तिथे लोखंड ठेवू नका. कोरड्या खोलीतही वैशाखात दस्त्याचं लाकूड आकसतं, पावसाळ्यात फुगतं, म्हणून काचेचं दार घट्ट हवं आणि आत सिलिका जेल. जेल दर महिन्याला तपासून तव्यावर मंद आचेवर कोरडी करून घेते.

हात लावताना सुती मोजे, घामातलं मीठ बोटांच्या ठशासकट उमटतं. पितळेला चिंच अजिबात नको, देवाच्या भांड्यांना ठीक आहे, इथे कोरीव कडा बोथट होतात. लोखंडाला मेणाचा पातळ हात द्या. संग्रहालयांत रेनेसाँ वॅक्स वापरतात, ते ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालं. मिळालं नाही तर मशीनचं तेल, पण लाकडाला लागू देऊ नका.

आणि चामड्याच्या पेटीत कायमची ठेवू नका. दिसते राजेशाही, पण चामड्यातलं आम्ल पितळेला हिरवं करतं.

दर्यापूरचा भाऊ
फोटू टाक ना बे. इतकं वाचलं, पायलं कायीच नाही.

वणाकाठचा
फोटो उद्या टाकतो, पोराच्या नंदीशेजारी ठेवून काढतो म्हणजे माप कळेल.

काल काकांकडे जाऊन आलो. चालतीचं काढलं तर स्वतःच हसले, “तुझी परीक्षा घेत होतो रे.” खरं-खोटं त्यांनाच माहीत. स्क्रू उघडतो का विचारलं, तर काही न बोलता ड्रॉवरमधून शिवणाच्या सुईचा केलेला स्क्रूड्रायव्हर काढला आणि माझ्यासमोर अख्खी बंदूक कागदावर सुटी केली. एकोणीस भाग. नळी भरीवच निघाली. परत जोडताना एक स्क्रू खाली पडला, आम्ही दोघं अर्धा तास टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन जमिनीवर.

तोड्याची सांगून आलो, हळदूचा दस्ता. लाकूड मीच आणून द्यायचं ठरलंय. कोणाकडे वाळलेला तुकडा असेल तर कळवा, हातभर पुरे.