लक्झरी क्रॉसओव्हर एसयूव्ही घेण्याआधी तुम्ही काय काय तपासलंत? अनुभव लिहा

मंडळी, आमच्या घरात लक्झरी क्रॉसओव्हर घ्यायचं जवळजवळ नक्की झालंय आणि आता माझी झोप उडालीय, कारण एवढे पैसे एका गाडीत आयुष्यात एकदाच घालणार आहोत. ब्रोशर पाठ झालीत, व्हिडिओ बघून झालेत. मला हवंय ते तुमच्या स्वतःच्या वापरातलं, म्हणजे घेण्याआधी काय बघितलं म्हणून वाचलात किंवा काय बघायचं राहिलं म्हणून पस्तावलात.

सुरुवात मीच करते. आईचे गुडघे वाईट आहेत, म्हणून तिला घेऊनच शोरूमला गेले. पहिली गाडी दिसायला अप्रतिम, पण सीट उंच आणि दाराखालचा उंबरा इतका रुंद की पाय आत टाकताना तिला दोन वेळा थांबावं लागलं. दुसऱ्या गाडीत ती थेट बसली, ना चढायचं ना वाकायचं. एका फटक्यात यादीतलं पहिलं नाव कटाप. आता तुम्ही सांगा.

- - -

आईंना नेलंत हे फार बरं केलंत. माझी चूक चाकांची. टेस्ट ड्राइव्हची गाडी १९ इंची चाकांवर होती, मस्त मऊ चालली, मी खूश, आणि बुकिंग करताना २१ इंची निवडली कारण फोटोत भारी दिसतात. डिलिव्हरी घेऊन घरी येईपर्यंत कळलं की ही ती गाडीच नाही. चाक मोठं झालं की टायरची कड बुटकी होते, खड्ड्याचा दणका झेलायला रबरच कमी उरतं, मग तो रिमला आणि तिथून तुमच्या पाठीला. तिसऱ्या महिन्यात एक टायर कडेला फाटला, तोही रन-फ्लॅट, त्यामुळे डिकीत स्टेपनी नाहीच. रन-फ्लॅट हवा गेल्यावर साधारण ८० किमीपर्यंत, ताशी ८० च्या वेगाने नेतो हे खरंय, पण कड फाटली तर कुठलाच टायर नेत नाही. आणि ऑल-व्हील ड्राइव्हमध्ये, म्हणजे इंजिनची ताकद चारही चाकांना जाते त्या गाडीत, चारही टायरची झीज जवळपास सारखी लागते, नाहीतर ट्रान्सफर केसवर (ती ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा गिअरचा डबा) ताण येतो, म्हणून एक फाटला तरी बदलावे लागले दोन. ज्या चाकांवर घेणार त्याच चाकांवर चालवून बघा, ती गाडी हजर नसेल तर येईपर्यंत थांबा, सेल्समन घाई करेल, करू दे.

- - -

चाकांबद्दल शंभर टक्के सहमत!

माझं डिझेलचं. रोजचं ऑफिस चार किमी, गाडी डिझेल, का तर टॉर्क आवडला. डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, डीपीएफ म्हणतात, आणि ती काजळी जाळायला एक्झॉस्ट बराच वेळ चांगला तापावा लागतो. चार किमीत तो तापतच नाही. दिवा लागायचा, मग रविवारी मी उगाच हायवेवर अर्धा तास गाडी पळवायचो, शेवटी वर्कशॉपमध्ये फिल्टर साफ करून घ्यावा लागला. यात गाडीचा दोष नव्हता, माझा रोजचा रस्ता आणि ते इंजिन यांची जोडीच जुळत नव्हती. कोणीतरी "रोज किती चालवता" एवढं विचारायला हवं होतं, विकणाऱ्यानं विचारलं नाही, म्हणून मी इथे विचारतोय. प्लग-इन हायब्रिडचंही (पेट्रोल इंजिन आणि बाहेरून चार्ज होणारी बॅटरी, दोन्ही असलेली गाडी) तसंच, घरी चार्जिंगची सोय नसेल तर ती जड बॅटरी नुसतीच वागवत फिरायची, आणि बऱ्याच मॉडेलमध्ये डिकीही लहान होते.

- - -

डिकीवरून आठवलं. लिटरच्या आकड्यांवर जाऊ नका. तो आकडा बऱ्याचदा २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचे, म्हणजे बरोबर एक लिटरचे ठोकळे रचून काढतात, ते कुठल्याही कोपऱ्यात मावतात, आपली बॅग मावत नाही. काही जण फ्लोअरखालचा कप्पाही त्यात धरतात. शिवाय या गाड्यांची मागची काच फॅशनसाठी तिरकी, त्यामुळे वरची जागा जाते. आम्ही मुलाची बाबागाडी आणि दोन मोठ्या बॅगा घेऊनच गेलो, सेल्समनच्या चेहऱ्याकडे न बघता सगळं भरलं. एका गाडीत आकडा मोठा होता तरी बाबागाडी आडवी बसेना, आकडा लहान असलेल्या गाडीत आरामात बसली. कार सीटही नेली होती, आयसोफिक्सचे, म्हणजे मुलाची सीट अडकवायचे हूक काही गाड्यांत गादीत इतके आत की बोटं सोलवटतात. आणि मागे मधल्या माणसाला बसवून बघाच, ऑल-व्हील ड्राइव्हच्या शाफ्टचा उंचवटा त्याच्या पायात येतो.

- - -

मी सेकंडहँड घेतली, पाच वर्षं जुनी, एअर सस्पेन्शनवाली, म्हणजे स्प्रिंगच्या जागी हवेच्या पिशव्या असलेली. एका जाणत्या मेकॅनिक काकांनी सांगितलं होतं की गाडी रात्रभर सपाट जागी उभी ठेवायला सांग आणि सकाळी सुरू करायच्या आत जाऊन बघ. पहिली जी बघितली तिचा पुढचा डावा कोपरा सकाळी चांगला दोन बोटं खाली बसलेला. म्हणजे हवा गळतेय, आणि ती भरत राहायला कॉम्प्रेसर सारखा राबतोय, पुढेमागे तोही जाणार. गाडी धुऊन पुसून चकाचक होती, संध्याकाळी बघितली असती तर मी घेतलीच असती. दुसरी घेतली, तिचे टायरवरचे चार आकडे वाचले (पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा), सनरूफच्या कडेचं कापड ओलं-डागाळलेलं नाही ना ते हात फिरवून पाहिलं, कारण पाणी वाहून न्यायच्या नळ्या तुंबल्या की पाणी आत उतरतं. तीन वर्षं झाली, गाडी खणखणीत आहे.

- - -

थोडं वेगळं सांगतो. क्रॉसओव्हर म्हणजे मुळात कारच, उंच केलेली. लेक्ससची आरएक्स १९९८ मध्ये अमेरिकेत आली तीच मुळी कारच्या प्लॅटफॉर्मवर, पाठोपाठ १९९९ मध्ये बीएमडब्ल्यूची एक्स५, तीही मोनोकॉक, वेगळी चासी नाही. म्हणून तर त्या कारसारख्या वळतात. पण लोक रुबाब बघून डोंगरदऱ्यांच्या अपेक्षा ठेवतात. मी ठेवल्या होत्या, आणि मला खरं तर शिडीसारख्या चासीवरची गाडी हवी होती हे वर्षभराने कळलं. आधी स्वतःला विचारा, कच्च्या रस्त्यावर वर्षातून किती दिवस?

- - -

स्क्रीन!! कुणी लिहिलंच नाही. एसीचं तापमान बदलायला चालत्या गाडीत दोन मेनू आत शिरावं लागत असेल तर मी ती गाडी घेणार नाही, कितीही गोड दिसू दे. गाड्यांची सुरक्षा तपासून तारे देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेनेही २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरी बटणं किंवा दांड्या असण्याला गुण ठेवलेत, म्हणजे हा माझा एकटीचा हट्ट नाही. आणि टेस्ट ड्राइव्हला तुमचा नेहमीचा गॉगल घाला. पोलराइज्ड असेल तर काचेवरचा हेड-अप डिस्प्ले बऱ्याच गाड्यांत जवळजवळ गायबच होतो, मला पैसे भरल्यावर कळलं.

- - -

मोजपट्टी न्या. ब्रोशरमधली रुंदी बऱ्याचदा आरशांशिवाय असते. आमची पार्किंगमध्ये शिरते, पण मग दार उघडत नाही, बाबांना बाहेरच उतरवावं लागतं. रोज.

- - -

धागा काढणारी पुन्हा आलेय. सगळ्यांचे मनापासून आभार, मी वहीत उतरवून घेतलंय. मोजपट्टीवाल्या दादांचं वाचून लगेच खाली जाऊन पार्किंग मोजलं. आईला आवडलेली गाडी आरसे धरून मावते, पण दोन्हीकडची दारं पूर्ण उघडणार नाहीत, आईच्या बाजूला जास्त जागा सोडून लावली तर जमेल. शनिवारी शोरूमवाल्यांना गाडी घरी आणायला सांगितलंय, आईला तिथेच आमच्या जागेत बसवून उतरवून बघणार. चाकं १९ इंचीच आणा म्हणलंय.