खुब्याचा सांधा बदलल्यावर चौथा आठवडा: व्यायाम किती, चालणं किती?

कृष्णाकाठ (वाई)

नमस्कार. माझ्या सासूबाई, वय ६८, अंगणात घसरून पडल्या. खुब्याशी हाड मोडलं आणि साताऱ्याला पूर्ण सांधा बदलला. चीर मागच्या बाजूने आहे. टाके निघाले, जखम कोरडी आहे, आता चौथा आठवडा चालू आहे. पायावर पूर्ण भार द्यायला डॉक्टरांनी परवानगी दिली आहे. वॉकर घेऊन त्या माजघरातून ओसरीपर्यंत येतात-जातात.

घरात मात्र दोन तट पडलेत. मोठे दीर म्हणतात, आईला जितकं चालवाल तितकं चांगलं; ते तिला देवळापर्यंत न्यायला निघाले होते. शेजारच्या काकू म्हणतात, नवा सांधा जास्त हलवला तर झिजेल, सहा महिने पडू दे. घरी येणाऱ्या फिजिओताईंनी कागदावर व्यायाम लिहून दिलेत, पण सासूबाईंना त्यांचा कंटाळा. "पडल्या पडल्या पाय हलवून काय होणार, मला चालू दे" म्हणतात. चालताना ऑपरेशनच्या पायावर आल्या की त्या अंगाला झुकतात. तो पाय लांब झाल्यासारखा वाटतो म्हणतात. संध्याकाळी पाऊल सुजतं. गावातली मालीश करणारी बाई येऊ का म्हणून दोनदा विचारून गेली. आमचं घर जुनं, प्रत्येक खोलीला उंबरा. ज्यांनी हे घरात निभावलंय त्यांनी सांगा.

सुमन_बारामती

ताई, ते कागदावरचे व्यायाम सोडू देऊ नका, मग चालणं थोडं कमी झालं तरी चालेल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. संधिवाताने डावा खुबा पार झिजला, वर्गात फळ्यापाशी उभं राहवेना, तेव्हा बदलून घेतला.

आमच्या फिजिओंनी मला कपाटाच्या आरशासमोर उभं केलं, कपाटाला हात धरायला लावला आणि चांगला पाय जरासा उचलायला सांगितला. उचलला तशी माझी उजवीकडची कंबर खाली गेली. कुल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला जे स्नायू असतात ते एका पायावर उभं राहताना कंबर समतल धरतात. चालताना प्रत्येक पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. ते स्नायू दुबळे असले की कंबर पडते, किंवा ती पडू नये म्हणून माणूस त्या बाजूला कलतो. सासूबाईंचं झुकणं बहुधा हेच आहे. नुसतं चालवत राहिलात तर त्या झुकूनच लांब चालायला शिकतील, आणि ती खोड मोडायला फार वेळ लागतो. म्हणून "पडल्या पडल्या पाय हलवणं" हाच सगळ्यात मोलाचा भाग आहे.

माझा क्रम असा होता. अंथरुणातच घोटे वर-खाली, मग गुडघा गादीत दाबून मांडी आवळायची, पाच अंक मोजून सोडायची. तसेच कुल्ले आवळायचे. मग टाच गादीवरून सरकवत गुडघा थोडा दुमडायचा. मग पाय सरळ ठेवून बाजूला न्यायचा आणि मधोमध परत आणायचा, मधली रेषा ओलांडायची नाही. गुडघ्याची वाटी आणि बोटं छताकडे. प्रत्येक प्रकार दहा वेळा, सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी. उभ्याचे व्यायाम स्वयंपाकाच्या ओट्याला धरून: पाय बाजूला, पाय मागे, गुडघा वर पण कंबरेच्या खालीच. इथे बहुतेक जण पाय उंच नेण्यासाठी धड दुसरीकडे वाकवतात. पाय वीतभरच जाऊ दे, पण पाठ ताठ हवी, नाहीतर ज्या स्नायूला काम द्यायचं तो रिकामाच राहतो. तुम्ही बाजूला उभ्या राहून खांद्यांकडे बघा, पायाकडे नको.

व्यायामानंतर ओढल्यासारखं दुखणार, ते रात्रभरात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी दुखणं किंवा सूज वाढलेली दिसली तर त्या दिवशी निम्मं करायचं, बंद नाही करायचं. दिरांना सांगा की देवळापर्यंत एका दमात जाण्यापेक्षा ओसरीपर्यंतच्या छोट्या फेऱ्या दिवसभर विखरून घातल्या तर बऱ्या. थकलेला माणूस झुकतो आणि थकलेलाच अडखळतो.

घराचं म्हणाल तर खुर्चीत बसल्यावर गुडघे खुब्यापेक्षा खालीच राहायला हवेत. आम्ही हातांच्या दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घातल्या आणि मागून भिंतीला टेकवल्या, उंची नेमकी झाली. खाटेच्या पायांखाली खाच पाडलेले लाकडी ठोकळे. संडासासाठी कमोड खुर्ची. बसताना-उठताना ऑपरेशनचा पाय पुढे सरकवायचा आणि हातांवर जोर देऊन उठायचं, पुढे ओणवं व्हायचं नाही. उंबऱ्यावर वॉकरचे चारही पाय पलीकडे नीट टेकल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही, दोन अलीकडे दोन पलीकडे तर कधीच नाही. तुम्ही ऑपरेशनच्या बाजूला, थोडं मागे उभ्या राहा. पायपुसणी सगळी उचलून ठेवा, आजच.

पाऊलवाट

मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापूरला असते. सुमनताईंनी झुकण्याचं कारण अगदी बरोबर सांगितलंय. थोडी भर घालते.

पाय लांब वाटणं सुरुवातीला फार जणांना होतं. खुब्याभोवतीचे स्नायू आखडलेले किंवा दुबळे असले की कंबर तिरकी राहते आणि पाय खरा लांब नसतानाही तसा भासतो. स्नायू सुधारले की बहुतेकांचं हे जातं. तोवर चपलेत स्वतःहून टाच वाढवू नका. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना मोजायला सांगा.

मालीश नको. टाक्यांच्या जागेवर तर नकोच, पण पोटरीवरही नको. या ऑपरेशननंतर पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका काही आठवडे राहतो. रक्त पातळ ठेवण्याचं औषध त्यासाठीच असतं, ते मनाने बंद करू नका. घोटे हलवायला लावतात तेही यासाठीच. संध्याकाळी येणारी आणि पाय उंचावर ठेवून झोपल्यावर उतरणारी सूज नेहमीची आहे. पण एकच पोटरी घट्ट, गरम, दुखरी झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. छातीत दुखलं किंवा अचानक धाप लागली तर थेट इस्पितळ. ताप आला, जखम पाझरू लागली, तरी डॉक्टरांकडे जायला थांबायचं नाही. आणि एकदम कळ येऊन पाय आखूड झाला, आत वळला, भार घेईना, तर सांधा निखळला असं समजा, आणि तो सरळ करायचा प्रयत्न घरी करू नका.

काकूंची भीती समजते, पण या व्यायामांनी सांधा झिजत नाही. २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून अंदाज आला होता: बदललेल्या खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के २५ वर्षं टिकतात. अडुसष्टाव्या वर्षी सहा महिने पडून राहण्याने मात्र स्नायू, फुप्फुसं, भूक, सगळंच खालावतं. रोजच्या जेवणात अंडं, उसळ, दूध, डाळ नीट जातंय ना तेही बघा. नुसत्या पेजेवर स्नायू भरत नाहीत.

पुढे वॉकर सुटून काठी येईल तेव्हा ती चांगल्या पायाच्या हातात. लोक दुखऱ्या बाजूलाच काठी धरतात आणि झुकणं वाढतं. विरुद्ध हातातली काठी खुब्याच्या स्नायूंचा भार हलका करते. झुकणं असेपर्यंत काठी सोडवायची घाई नको. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, काठी त्याच्यासोबत.

रानवारा

माझ्या वडिलांचंही मागूनच झालं. एकच सांगते, रात्रीकडे लक्ष द्या. झोपेत पायावर पाय पडतो. दोन्ही पायांमध्ये जाड उशी ठेवा. वडील पलंगावरून वाकून पायथ्याचं पांघरूण ओढायचे, म्हणून आम्ही पांघरूण छातीशीच ठेवायला लागलो. मोजे, चप्पल दुसऱ्याने घालून द्यायची. खाली पडलेली वस्तू उचलायला लांब चिमटा मिळतो, तो घ्याच.

कृष्णाकाठ (वाई)

तिघींचे मनापासून आभार. आरशाचं सासूबाईंना आज करून दाखवलं, मी धरून उभी होते. कंबर खाली जाताना त्यांनी स्वतः पाहिली आणि संध्याकाळचे व्यायाम न सांगता केले. पायपुसणी उचलली.

एक राहिलंच. नवरात्र जवळ आलंय. इतकी वर्षं घटापुढे त्याच पाटावर बसून माळ वाहतात. यंदा जाऊबाईंनी बसायचं ठरलं तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. थोडा वेळ पाटावर बसलं तर?

सुमन_बारामती

पाटावर नाही, ताई, थोडा वेळही नाही. मागून चीर असताना खुबा खोल वाकणं आणि आत वळणं हेच धोक्याचं, आणि पाटावरून उठताना दोन्ही होतं. पण जाऊबाईंना कशाला बसवता? यंदा घट उंच टेबलावर बसवा, खाली पत्रावळीत माती नेहमीसारखीच. समोर ती दोन खुर्च्यांची बैठक. माळ बांधायची खुंटी त्यांच्या छातीच्या उंचीला घ्या म्हणजे हात पोचेल आणि वाकावं लागणार नाही. आरतीला उभं राहताना एक हात वॉकरवर, तबक तुम्ही धरा.

मांडी घालण्याचं त्यांच्या सर्जनना पुढच्या तपासणीला स्पष्ट विचारा. कुणाला काही महिन्यांनी सवलत मिळते, कुणाला कायमची मनाई असते. कुठला सांधा बसवलाय आणि तो किती घट्ट आहे हे त्यांनाच माहीत. मला मनाई आहे, मी पूजा टेबलावरच करते.

आणि घट बसवायच्या गडबडीत दुपारचे व्यायाम चुकतील, तेवढं सांभाळा.